दांतांचें स्थलांतर

मनुष्याबरोबर जन्मास न येतां मागाहून येणारे, आणि बहुधा त्याच्या आधींच निरोप घेणारे असे शरीरांतील सोबती म्हणजे दांत. म्हणूनच कीं काय, त्यांच्या जाण्याबद्दल आपल्या समाजांत कोणी फारसें दुःख मानीत नाहीं. डोळ्यांना कमी दिसूं लागलें तर घरांत काळजी उत्पन्न होते. गुडघा दुखूं लागला तर तेल, शेक आणि सल्ला यांची रीघ लागते. परंतु दांत हलूं लागला म्हणजे "आतां वय झालें" एवढ्या तीन शब्दांत त्याची वासलात लावण्यांत येते. "दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत" ही म्हण आपण मोठ्या रसिकतेनें सांगतों; पण असलेले दांत कां जातात याचा विचार करावयास सहसा कोणी बसत नाहीं. त्यांतून एक गोष्ट तर पुष्कळांच्या गांवींही नसते. ती ही कीं, पडण्यापूर्वीं दांत कित्येक वेळां आपली जागा सोडून सरकतो, आणि तो सरकूं लागतो तेव्हां अजून वेळ गेलेली नसते. या स्थलांतराविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही शिरूर तालुक्यांतील न्हावरे गांवचे रहिवासी. जुन्या पद्धतीची मॅट्रिक झाल्यावर मास्तरकी पत्करली ती निवृत्त होईपर्यंत केली. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें ज्याचें नांव दूरवर गेलें तोच हा गांव. उंसाचीं कांडीं दांतांनीं सोलून खाणें ही येथें पोरांचीच काय, म्हाताऱ्यांचीही चैन आहे. निवृत्तीनंतर संध्याकाळच्या वेळीं घरच्या व शेजारच्या सातआठ मुलांस आम्ही स्तोत्रें व शब्दरूपें शिकवितों. संस्कृत शिकविणाऱ्यास दांतांची किती गरज असते हें व्याकरण शिकलेल्यांस सांगावयास नको. त, थ, द, ध, न, ल, स हे वर्ण दंत्य, आणि व हा दंतोष्ठ्य. जिभेला टेकावयास दांत धड नसतील तर वर्णमालेची एक ओळच्या ओळ डळमळते.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या नातवाच्या तोंडून प्रत्येक सकाराबरोबर एक बारीक शीळ ऐकूं येऊं लागली. 'सरस्वती' म्हणतांना ती दोनदां वाजे. आम्हीं त्यास थांबवून उच्चार सुधारावयास सांगितलें, तेव्हां तो अगदीं निरागसपणें म्हणाला, "आजोबा, तुम्ही म्हणतां तसंच तर म्हणतोंय मी!" इतर मुलांनीं माना खालीं घातल्या, त्यावरून त्यांचेंही मत तेंच असल्याचें कळून आलें. आरसा घेऊन पाहतों तों वरच्या दोन पटाशीच्या दांतांमध्यें ज्वारीचा दाणा राहील एवढी फट पडलेली. त्यांतील उजवा दांत किंचित् लांब झालेला व ओंठाकडे झुकलेला. दुखणें नाहीं, सूज नाहीं. घासतांना कधींमधीं ब्रशास लाल डाग दिसे इतकेंच. दांत रोज दोन वेळां घासण्याचा आमचा नेम लहानपणापासूनचा. तरीही हें झालें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. त्यामुळें कोणाचीही प्रकृति ही एकट्याची बाब राहत नाहीं. रात्रीं जेवणानंतर चर्चा निघाली. आमचे थोरले बंधु म्हणाले, "अरे, बाबांचे दांत पन्नाशींतच गेले. तुला साठीपर्यंत पुरले हेंच पुष्कळ. सगळे काढून टाक आणि कवळी बसव, कटकट मिटली." वहिनींनीं मशेरीची डबी पुढें केली आणि म्हणाल्या, "भावोजी, दांत घट्ट करायला याच्यासारखं दुसरं कांहीं नाहीं." आमच्या पुतण्याची पत्नी विज्ञानाची पदवीधर आहे. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "काका, दांत आपणहून चालत नाहींत. त्यांच्या पायाखालची जमीन जात असली पाहिजे. आधीं ती तपासून घेऊं या."

सूनबाईचें हें म्हणणें शब्दशः खरें निघालें. दांत जबड्याच्या हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोंवतीं सुमारें पाव मिलिमीटर जाडीचें, तंतूंनीं विणलेलें एक अस्तर असतें. त्या तंतूंचें एक टोंक मुळांत व दुसरें हाडांत रोंवलेलें असतें, आणि घांस चावतांना बसणारा धक्का हे तंतु झेलतात. हिरडी या सर्व व्यवस्थेवर पांघरुणासारखी असते. दांत आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा एक मऊ, चिकट थर रोज जमतो. तो वेळीं निघाला नाहीं तर लाळेंतील क्षारांनीं कठीण होतो, आणि मग त्यास ब्रश कांहीं करूं शकत नाहीं. त्या थराशीं झगडतांना हिरडी सुजते व तिच्यांतून रक्त येतें. येथपर्यंतचा बिघाड पूर्णपणें बरा होणारा असतो. पुढें मात्र हिरडी दांतापासून सुटते, मध्यें खोबण पडते, आणि जंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें उभारलेली सेनाच घरचें हाड झिजवूं लागते. लोक ज्यास 'पायोरिया' म्हणतात तो हाच रोग.

शेतांत बैल बांधण्याचा खुंटा घ्या. भोंवतालची माती घट्ट आहे तोंवर बैलानें कितीही ओढ दिली तरी तो ताठ उभा राहतो. पावसानें माती वाहून गेली कीं तोच बैल, तेंच दावें आणि तीच ओढ असतांही खुंटा एका बाजूस कलतो. दांतांवर आंतून जीभ रेटा देते, बाहेरून ओंठ व गाल दाबतात, आणि खालचे दांत चावतांना वरच्यांस पुढें ढकलतात. या सर्वांचा तोल हाडाच्या बळावर सांभाळलेला असतो. हाड कमी झालें कीं रोजचा साधा जोरही दांतास पेलत नाहीं. पुढचे दांत पंख्याच्या काड्यांसारखे फांकतात, कांहीं लांबट दिसूं लागतात, कांहीं आपल्या अंगाभोंवतीं वळतात. दाढा पूर्वींच काढून ती जागा मोकळी ठेवली असेल तर चावण्याचा सगळा भार पुढच्या दांतांवर येतो आणि हें काम अधिक जलद होतें.

संस्कृताच्या विद्यार्थ्यास आपले पूर्वज या बाबतींत काय म्हणून गेले हें पाहण्याचा मोह आवरत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यांत दंतमूलांचे पंधरा रोग गणले आहेत. 'शीताद' या रोगांत हिरड्यांतून अकस्मात् रक्त येतें, त्या काळ्या व मऊ पडून झडतात. 'दंतवेष्टकां'त पू व रक्त वाहून दांत हलूं लागतात. 'उपकुशां'तही दाह, पाक व दांतांची हालचाल सांगितली आहे. माधवनिदानांत तर 'कराल' नांवाचा एक रोग आहे. दांतांचा आश्रय केलेला वायु हळूहळू दांतांना वेडेवांकडे व विक्राळ करतो, असें त्याचें लक्षण असून तो साध्य होत नाहीं असें ग्रंथकारानें स्पष्ट म्हटलें आहे. आरशांत जें आम्हांस दिसलें त्याचें याहून नेमकें वर्णन करणें कठीण! दुसऱ्या बाजूनें पाहावें तर दांतांवर खड्यासारख्या जमणाऱ्या कीटणास 'दंतशर्करा' हें नांव आहे, व दांतांच्या मुळांस इजा न करतां ती वैद्यानें काढावी आणि मग लाखेचें चूर्ण मधांत कालवून लावावें, असा सुश्रुतांचा आदेश आहे. वाग्भटांनीं त्या कामाचें एकधारी, चौकोनी शस्त्रही वर्णिलें आहे. दांत खरवडून घेणें ही पाश्चात्त्यांची टूम आहे असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. मात्र शर्करा एका सदरांत राहिली आणि कराल दुसऱ्या सदरांत, वायूच्या माथीं, राहिला. एकाचें मूळ दुसऱ्यांत असतें हें कळल्यामुळेंच जें त्या काळीं असाध्य ठरलें तें आज पुष्कळ अंशीं साध्य झालें आहे.

हें कसें कळलें तेंही सांगण्यासारखें आहे. १९६५ सालीं हाराल्ड लो आणि त्यांचे सहकारी यांनीं डेन्मार्कांतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनीं दांत घासणें मुद्दाम बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां घासूं लागतांच थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत् झाल्या. पुढें लो यांनीं श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुषांच्या दांतांची नोंद १९७० पासून १९८५ पर्यंत ठेवली. हे लोक ब्रश वगैरे कांहींच वापरीत नसत. तरीही शेंकडा ८ जणांत रोग झपाट्यानें वाढला, शेंकडा ८१ जणांत मध्यम गतीनें वाढला, आणि शेंकडा ११ जणांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाहीं! याचा अर्थ असा कीं, मळाचा थर हें कारण सर्वांस सारखें असलें तरी तो सोसण्याची शक्ति ज्याची त्याची निराळी असते, आणि ती कांहीं अंशीं घराण्यांतून येते. आमच्या वडिलांचे दांत पन्नाशींत गेले यावरून बंधूंनीं "आपलेही जाणारच" असा निष्कर्ष काढला होता. खरा निष्कर्ष याच्या उलट आहे. ज्या घरांत वडिलांचे दांत लवकर गेले त्या घरांतील मुलांनीं इतरांहून अधिक जपावयास हवें.

आतां उपचारांविषयीं. प्रथम आम्हीं जवळच्या एका शहरांतील दंतवैद्यांस दांत दाखविले. त्यांनीं ओंठ वर करून पाहिलें आणि सांगितलें कीं तारा बांधूं, सहा महिन्यांत फट बुजेल. ना हिरडीचें मोजमाप, ना क्ष-किरणांचें चित्र. सूनबाईनें विचारलें, "हिरड्या आधीं तपासायला नकोत का?" उत्तर मिळालें कीं तें मागाहून पाहतां येईल. तिनें नम्रपणें नमस्कार केला आणि आम्ही परत आलों. तिच्या त्या एका प्रश्नाची किंमत पुढें कळली. हिरड्या सुजलेल्या असतांना तारेनें दांत ओढले तर राहिलेलें हाडही झपाट्यानें झिजतें, आणि सरळ करावयास घेतलेला दांत हातांत येण्याची पाळी येते.

त्यानंतर पुण्यांतील एका दंतमहाविद्यालयाचा रस्ता धरला. न्हावऱ्याहून चौफुल्यास जाऊन सोलापूर रस्त्यानें जा किंवा शिरूरवरून नगर रस्त्यानें जा, जाण्यायेण्यांत दिवस मोडतोच. तेथें एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं खुणा केलेल्या बारीक सळईनें प्रत्येक दांताभोंवतीं सहा ठिकाणीं खोली मोजली व विद्यार्थ्याकडून ती लिहून घेतली. निरोगी हिरडीची खोबण तीन मिलिमीटरपर्यंत असते. आमच्या पुढच्या दांतांपाशीं ती सहा व सात भरली. चित्रांत मुळाच्या एकतृतीयांश उंचीपर्यंतचें हाड नाहींसें झालेलें दिसलें. "म्हणजे दोनतृतीयांश शिल्लक आहे," बाई म्हणाल्या, "आणि तेवढ्यावर हे दांत पुष्कळ वर्षें काढूं शकतात." इतके दिवस जें गेलें त्याचाच हिशेब आम्ही ऐकत होतों, जें शिल्लक आहे त्याचा हिशेब सांगणारें माणूस प्रथमच भेटलें.

उपचारांचा क्रम त्यांनीं आधींच कागदावर मांडला. पहिली पायरी म्हणजे कीटण काढणें. तें नुसतें वरचें नव्हे, तर बधिर करून हिरडीच्या आंतील मुळांचा पृष्ठभागही गुळगुळीत करणें. हें चार बैठकींत झालें. याच वेळीं दोन दांतांच्या फटींत घालावयाचे बारीक ब्रश कसे वापरावे हें शिकविण्यांत आलें. साधा ब्रश दांताचा दर्शनी व मागचा भाग घासतो. शेजार लागतो तेथें तो पोंचतच नाहीं, आणि हा रोग बहुधा तेथूनच सुरू होतो. दुसरी पायरी तीन महिन्यांनंतर पुन्हां मोजण्याची. बहुतेक ठिकाणीं खोली तीनचारवर आली होती. एका दाढेपाशीं मात्र ती उतरली नव्हती, म्हणून तेथें हिरडी उघडून साफ करून टांके घातले. तिसरी पायरी तारांची, आणि तीही रोग शांत झाल्याची खात्री पटल्यावरच. हाड कमी असल्यामुळें जोर अगदीं हलका लावावा लागतो. घाई चालत नाहीं. आमच्या बाबतींत यास नऊ महिने लागले. कित्येकांच्या लहान फटी केवळ हिरडीची सूज उतरल्यानें आपोआप मिटतात असेंही बाईंनीं सांगितलें. आमची तेवढी भाग्यवान नव्हती. अखेरीस दांतांच्या मागच्या बाजूनें एक बारीक तार कायमची चिकटविण्यांत आली. हाडाचा आधार पूर्वींइतका राहिला नसल्यामुळें सरळ केलेले दांत तारेवांचून पुन्हां सरकतात. चौथी पायरी कधींच संपत नाहीं. ती म्हणजे दर तीन महिन्यांनीं तपासणी.

"कीटण काढलें कीं दांत हलूं लागतात" हा समज आमच्या गांवांत अगदीं पक्का आहे. आमच्या बंधूंनींही तोच आक्षेप घेतला. या समजास थोडा आधारही आहे. दांतांमधील कठीण थर हा एक प्रकारें त्यांना एकमेकांस चिकटवून धरतो. तो निघाला कीं आधींच सुटलेले दांत सुटलेले आहेत हें उघडकीस येतें, आणि सूज उतरल्यानें हिरडी खालीं बसून फटी दिसूं लागतात. परंतु पडक्या भिंतीवरचा वेल काढल्यानें भिंत पडली असें कोणी म्हणत नाहीं. भिंत आधींच खचलेली असते. स्वच्छता राखली तर पुढील आठवड्यांत हिरडी घट्ट होऊन दांतांची हालचाल बहुधा कमी होते.

आमच्या दांतांची हकीकत येथें संपली असती. पण घरांत आणखी एक तोंड होतें. वहिनींस मधुमेह आहे, आणि मशेरीचा सहवास चाळीस वर्षांचा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीवर चोळल्यानें बधिरपणा येतो, म्हणून दांत घट्ट झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षांत हिरडी मागें हटते, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीति राहते ती निराळीच. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग हे तर एकमेकांस खतपाणी घालणारे सोबती आहेत. रक्तांतील साखर वाढली कीं हाड लवकर झिजतें, आणि हिरड्या पिकल्या कीं साखर आटोक्यांत येत नाहीं. उलट हिरड्यांवर नीट उपचार केले तर साखरही थोडीशी उतरते. आमचे दांत सुधारत असलेले पाहून वहिनी पुण्यास यावयास तयार झाल्या. पण तोंवर खालचे पुढचे चार दांत हाडावांचूनच उभे होते. ते काढावे लागले. घरीं परत येतांना त्या गाडींत पदर तोंडाशीं धरून बसल्या होत्या. बंधूंनीं एरवीं कवळीवर केलेला विनोद त्या दिवशीं केला नाहीं. बाकीचे बावीस दांत मात्र वांचले आहेत. मशेरी सुटावयास आठ महिने लागले. मध्यें दोनदां डबी पुन्हां निघाली. तिसऱ्या वेळीं त्यांनीं ती स्वतःच्या हातांनीं चुलींत टाकली, व त्यानंतर घरांत तिचें नांव निघालेलें नाहीं.

आपल्या घरांतून मुखशुद्धीचे संस्कार नव्हते असें नाहीं. सुश्रुतांनीं दातवण बारा अंगुळें लांब व करंगळीएवढें जाड असावें असें सांगून कडू झाडांत निंब व तुरट झाडांत खैर श्रेष्ठ मानला आहे. जेवणानंतर चुळा भरण्याची चाल तर आपल्या हाडींमासीं खिळलेली. पण चुळांनीं अन्नाचे कण निघतात, चिकटलेला थर निघत नाहीं. आणि राखुंडीसारख्या भरड पदार्थानें जोरानें घासल्यास दांतच झिजतात. कांहीं वडील मंडळी एकादशीस किंवा अमावास्येस दांत घासीत नाहींत. त्यांस आमची विनंति कीं, धर्मशास्त्रानें त्या तिथींस काष्ठ वर्ज्य सांगितलें तरी पानांनीं अथवा बारा चुळांनीं मुखशुद्धि करावी असेंच म्हटलें आहे. तोंड अस्वच्छ ठेवण्याची आज्ञा कोणत्याही तिथीस नाहीं. महाराष्ट्र शासनानेंही २०२३ सालीं 'स्वच्छ मुख अभियान' सुरू करून सचिन तेंडुलकर यांस त्याचे दूत केलें. हेतु हाच कीं ही गोष्ट घरोघरीं पोंचावी.

तेव्हां गृहस्थांनीं व गृहिणींनीं चार खुणा ध्यानांत ठेवाव्या. घासतांना रक्त येणें. तोंडास सतत दुर्गंधि येणें. दांत पूर्वींहून लांब दिसणें. आणि जेथें फट नव्हती तेथें ती पडणें. यांपैकीं एकही खूण दिसली तर दुखण्याची वाट पाहूं नये, कारण हा रोग बहुधा दुखत नाहीं, आणि म्हणूनच तो फसवितो. दंतवैद्यांकडे गेल्यावर पहिला प्रश्न तारेचा किंवा कवळीचा न विचारतां हिरडीचा व हाडाचा विचारावा. मऊ ब्रशानें सकाळीं व झोंपण्यापूर्वीं दांत घासावे, फटी दिवसांतून एकदां स्वच्छ कराव्या. मधुमेह असेल तर आपल्या दंतवैद्यांस तें अवश्य सांगावें.

एकत्र कुटुंबांत वडील माणसें आपलीं दुखणीं बोलत नाहींत. भाकरी दुधांत कुस्करून खाऊं लागतात, शेंगदाणे बाजूस सारतात, हंसतांना हात तोंडाशीं नेतात, आणि आपण समजतों कीं त्यांची रुचि बदलली. हें पाहणें तरुण मंडळींचें काम आहे. पानांत काय वाढलें याबरोबरच पानांत काय राहिलें इकडेही जेवतांना लक्ष असावें. आमच्या घरीं हल्लीं सूनबाई तें लक्ष ठेवते; तेव्हांपासून बंधूंच्या पानांतील शेंगदाणे उरूं लागले कीं ती पुण्याचा दिवस ठरवून मोकळी होते, आणि बंधु कुरकुर करीत कां होईना, गाडींत जाऊन बसतात.